आज सूत तुटणार नाही

पहाटे पावणेपाचला मी सायकल बाहेर काढते तेव्हा बाबा माझ्याआधी ओसरीवर आलेले असतात. वय अठ्ठ्याहत्तर, झोप फारशी उरलेली नाही. फाटकाला टेकून ते उजवा हात बाहेर काढतात आणि अंगठ्यानं दोन बोटं चोळतात, पीठ किती बारीक दळलं गेलंय ते बघावं तशी. कोरडी कडक थंडी असली की "कान बांध" एवढंच म्हणतात. पण पौष-माघात चार-सहा दिवस असे येतात की रात्रभर आभाळ खाली उतरून राहतं, थंडीची धार जाते, पत्र्यावरून थेंब गळत असतात आणि गल्लीतला रस्ता काळा, ओला दिसतो. त्या दिवशी बोटं चोळून झाली की बाबा म्हणतात, "आज सूत तुटणार नाही."

त्यांची गिरणी बंद होऊन वीसहून जास्त वर्षं झाली. १ जानेवारी १८७७ ला जमशेदजी टाटांनी सुरू केलेली एम्प्रेस मिल १९८६ साली टाटांच्या हातून गेली, पुढं राज्याच्या महामंडळानं ती चालवली आणि २००२ मध्ये तिचा भोंगा कायमचा थांबला. गांधीसागराजवळच्या त्या जागेवर आता मॉल आहे. बाबा छत्तीस वर्षं रिंग खात्यात, म्हणजे सूत कातायच्या खात्यात होते. कापसाचा धागा कोरड्या हवेत ठिसूळ होतो, आणि नागपूरची हवा मुळातच कोरडी. म्हणून या गिरणीत हवा ओलसर ठेवायची यंत्रं फार लवकर आली होती. तरी बाहेर कोरडं कडकडीत असलं की आत त्रास व्हायचाच. धागे पटापट तुटायचे आणि बाबा पाळीभर एका चातीकडून दुसऱ्या चातीकडे धावत, तुटलेली टोकं बोटांनी सांधत राहायचे. बाहेर आभाळ भरून आलं, हवेत ओल आली की पायांना जरा उसंत मिळायची. नागपूरकर ज्या हवेला नाक मुरडतात, "पावसाळाही नाही न् हिवाळाही नाही" म्हणतात, तिच्यावर बाबांचा जीव आहे तो असा.

माझाही जडला, पण सायकलमुळं.

नागपूरचा उन्हाळा सगळ्या महाराष्ट्राला माहीत असतो. हिवाळ्याचं कुणी फारसं विचारत नाही. २९ डिसेंबर २०१८ ला इथं पारा ३.५ अंशांवर उतरला होता. त्या सकाळी आम्ही निघालो होतो, आणि काटोल नाक्यापर्यंत पोचेस्तोवर माझ्या बोटांना ब्रेकची दांडी लागतच नव्हती. निरभ्र रात्री जमिनीतली ऊब सरळ वर निघून जाते. ढग असले की तीच ऊब अडते, परत खाली येते, आणि किमान तापमान दोन-तीन रात्रींत दहावरून सतराअठरावर चढतं. उत्तरेकडून पश्चिमी विक्षोभ सरकत असतो, बंगालच्या उपसागराकडून दमट वारा येतो, दोघांची गाठ इथं कुठंतरी आपल्या डोक्यावर पडते. मग भुरभुर पाऊस, नाहीतर नुसती धुई. सायकलवर बसलं की अशा हवेत पहिल्या दहा मिनिटांत अंग मोकळं होतं. घसा सोलवटत नाही, ओठ फुटत नाहीत, छातीत हवा नीट भरते. स्वेटरवर स्वेटर चढवावा लागत नाही. एक पातळ जाकीट पुरतं. चेहऱ्यावर बारीक ओल बसत राहते आणि भुवयांवरून थेंब होऊन उतरते.

आम्ही साधारण बारा-चौदा जणं आहोत. इंदोऱ्याहून मी एकटीच. छावणीतून काटोल नाक्यावर यायचं, साडेपाचला सगळे जमतात. उजाडायला अजून तास-सव्वातास असतो. जानेवारीच्या सुरुवातीला इथं सूर्य पावणेसातनंतरच वर येतो, आणि आभाळ भरलेलं असलं तर तो येऊन गेल्याचं कळतही नाही. नाक्यावर पिवळ्या दिव्याखाली उभं राहून एकमेकांच्या चाकांची हवा बोटानं दाबून बघायची. ओल्या रस्त्यावर हवा थोडी कमीच बरी, टायर रस्त्याला जास्त धरून राहतं. ज्यांच्या सायकलींना जुन्या पद्धतीचे, रिमवर घासणारे ब्रेक आहेत, त्यांना आठवण करून द्यायची की दाबल्या दाबल्या लागणार नाही, आधी रिमवरचं पाणी पुसलं जाईल, मग पकड येईल. तेव्हा दोन हात अंतर जास्त. झेब्रा पट्ट्यांवरचा पांढरा रंग, लोखंडी झाकणं, रेल्वेचे रूळ यांच्यावर चाक आडवं करायचं नाही. हे सगळं सगळ्यांना पाठ आहे. तरी दरवेळी कुणीतरी म्हणतं, आणि दरवेळी ते म्हटलेलं मला बरं वाटतं.

मग निघायचं. दोन-दोनची रांग, गावाबाहेर पडलं की एकेरी. पुढच्याच्या मागच्या चाकापासून आपलं पुढचं चाक हातभर अंतरावर.

ज्यांनी कधी असं चालवलेलं नाही त्यांना हे हातभर अंतर वेडेपणा वाटतो. ताशी पंचवीसच्या वेगाला आपली बरीचशी ताकद नुसती हवा बाजूला सारण्यात जाते. कुणाच्या मागं नीट चिकटून गेलं तर त्यातली पाव ते एक तृतीयांश ताकद वाचते. पुढचा वारा खातो आणि मागचे त्याच्या आडोशाला. पाच-सात मिनिटांनी पुढचा कोपर हलवतो, बाजूला होतो, हळूहळू मागं सरकतो, आणि दुसरा वाऱ्यात येतो. हे असं फिरत राहतं. जो दमला असेल त्यानं पुढं यायचंच नाही, आमच्यात कुणी त्याला विचारत नाही. पण या आडोशाची एक किंमत असते. मागच्याला रस्ता दिसत नाही. त्याला दिसते पुढच्याची पाठ, पुढच्याचं चाक आणि लाल दिवा. खड्डा, रेती, फुटकी काच, मेलेलं कुत्रं, काहीही असलं तरी ते त्याच्या चाकाखाली येईपर्यंत त्याला कळणार नाही. म्हणून पुढच्यानं सांगायचं. डावा हात खाली सोडून बोट दाखवायचं आणि ओरडायचं, "गड्डाऽ!" त्याच्या मागचा तेच ओरडतो, मग त्याच्या मागचा. अंधारात ती आरोळी एका माणसाकडून दुसऱ्याकडे जात जात शेवटापर्यंत पोचते. मागून ट्रक आला की शेवटचा ओरडतो, "गाडीऽ!" आणि ती उलट्या दिशेनं पुढं येते.

आमच्या शेवटाला गार्डकाका असायचे. रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले, बासष्टीचे. मालगाड्या आणि पॅसेंजर मिळून आयुष्य गाडीच्या शेवटच्या डब्यात गेलं. ग्रुपमध्ये आले त्याच दिवशी म्हणाले, "मी मागंच राहतो ना जी. पुढं बसायची सवयच नाही मले." त्यांनीच आम्हाला सांगितलं की स्टेशनातून गाडी जाते तेव्हा तिथला माणूस शेवटच्या डब्यावरची एलव्हीची, म्हणजे 'लास्ट व्हेइकल'ची पाटी आणि रात्री लाल दिवा बघतो. तो दिसला म्हणजे अख्खी गाडी आली, मधेच कुठं डबे सुटून राहिले नाहीत. तो दिसला नाही तर मागचा मार्ग मोकळा धरायचा नाही. इंजिन आलं याला अर्थ नसतो, असं ते म्हणायचे. त्यांच्या सीटखाली दोन लाल दिवे असायचे, एक लुकलुकणारा आणि एक स्थिर. एक बंद पडला तर दुसरा असावा म्हणून.

बाबांना मी हे सांगितलं तेव्हा ते खूप वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमच्यात तो बेझनबागेतला होता, तो असाच मागं राहायचा."

मी तिसरी-चौथीत असेन, ऐंशीच्या दशकाची सुरुवात. पहिली पाळी सातची. साडेपाच-पावणेसहाला आमच्या गल्लीच्या तोंडाशी, विजेच्या खांबाखाली, सायकली जमायच्या. काळ्या, जड, दांडीवाल्या. मागं कॅरियरला पितळी डबा बांधलेला, हँडलला डायनमोचा दिवा, पुढं महापालिकेच्या कराचा बिल्ला. सात-आठ जणं. डोक्याला मफलर, अंगात घोंगडीच्या कापडाचा कोट. कुणी बिडी पेटवलेली. मी खिडकीतून बघायची. एखादा आला नसेल तर थांबायचे. थांबण्यात जोखीम होती. फाटकात उशीर झाला की आपल्या जागेवर बदली कामगार उभा राहायचा आणि त्या दिवसाची मजुरी त्याची व्हायची. तरी थांबायचे. दोन बिड्या होईपर्यंत. मग त्यांच्यातला एक जाऊन त्याच्या घराची कडी वाजवायचा, आणि बाकीचे पाचपावलीच्या रेल्वे फाटकापाशी पुन्हा रेंगाळायचे. फाटक बंद असलं तर बरंच, दोघांना गाठता यायचं. तिथून गोळीबार चौक, तिथून गिरणी. भोंगा वाजायच्या आत सगळे आत.

त्या सायकली मी कधी व्यायाम म्हणून पाहिल्या नाहीत, आणि त्या माणसांनीही नाही. पाळीत आठ तास उभं राहून आलेल्या माणसाला कुणी व्यायाम सांगू नये. पण आठ जणांनी अंधारात मिळून चालवायची रीत त्यांच्यात होती, आणि ती आमच्या रीतीपेक्षा कच्ची नव्हती. दिवा कुणा दोघांचाच चालू असायचा, डायनमो चाकाला लावला की सायकल जड जाते म्हणून. मग दिवेवाले दोघं पुढं आणि मागं, बाकीचे मधे. दर काही वेळानं पुढचा बदलायचा. बेझनबागेतला तो माणूस शेवटी असायचा, कारण त्याची घंटी सगळ्यांत मोठी होती. माझ्या लक्षात राहिलेली गोष्ट त्यांच्या मडगार्डची आहे. प्रत्येकाच्या मागच्या मडगार्डच्या टोकाला काळ्या रबराचा जाड तुकडा लोंबायचा, पार रस्त्याच्या वर चार बोटांपर्यंत. बाबांच्या तुकड्यावर त्यांनी पांढऱ्या रंगानं ओम काढला होता. ते रबर आपल्या कपड्यांसाठी असतं असं मला वाटायचं. आपल्या पाठीला तर मडगार्डच पुरतं. ते रबर मागून येणाऱ्यासाठी असतं.

बाबा मला कधीच विचारत नाहीत की आज किती किलोमीटर झाले. वेग विचारत नाहीत. मी आठ-साडेआठला परत येते, पेडलला अडकणारे क्लीटचे बूट काढते, तोवर ते एकच विचारतात, "सगळे आले?"

मागच्याच्या आधीच्या डिसेंबरात एका सकाळी मला "नाही" म्हणावं लागलं.

धुई होती. रस्ता ओला, पण पाऊस नव्हता. परतीचा प्रवास, शहरात शिरलेलो, सिमेंटचा रस्ता सुरू झालेला. नागपुरात गेल्या पंचवीसेक वर्षांत रस्त्यामागून रस्ता सिमेंटचा होत गेला आहे. डांबरासारखे खड्डे त्याला पडत नाहीत हे खरं. पण दोन पाट्यांच्या मधे जी उभी फट राहते, ती रस्त्याच्या दिशेनंच धावते, आणि पंचवीस मिलिमीटरचं चाक तिच्यात अलगद उतरतं. कोरडं असलं तर काळी रेघ दिसते. ओलं असलं की फट पाण्यानं भरते आणि सगळा रस्ता एकसारखा चकाकतो. समोरून वारा होता. गार्डकाका दमले होते, मला दिसत होतं. मधेच मागं वळून बघितलं तेव्हा त्यांचं अंतर पडलेलं. मीच थांबले आणि म्हणाले, "काका, आज माझ्या मागं या. मी आडोसा धरते." ते आले. पहिल्यांदाच शेवट सोडून दुसऱ्या जागेवर.

फट मला दिसली. शंभर टक्के दिसली. मी चाक तिच्या डाव्या अंगानं काढलं. पण डावा हात त्या क्षणी हँडलवर नव्हता, तो चष्म्यावर होता. धुईनं काचा भरल्या होत्या आणि मी अंगठ्यानं पुसत होते. हात खाली सोडायला उशीर झाला. तोंडानं ओरडता आलं असतं. ओरडले नाही. का ओरडले नाही, याचं उत्तर मी वर्षभर शोधलं. चष्मा पुसून झाला की दाखवू असं काहीतरी डोक्यात होतं. ताशी बावीसच्या वेगाला एका सेकंदात सहा मीटर जातात.

मागं लोखंड सिमेंटवर घासल्याचा आवाज आला. मी थांबून वळले तेव्हा काका उजव्या कुशीवर होते आणि त्यांच्या मागच्या दोघांनी सायकली बाजूला फेकून मागून येणाऱ्या गाड्यांना हात दाखवायला सुरुवात केली होती. काकांनी डोळे उघडले आणि पहिलं विचारलं, "माझ्यावर कुणी आदळलं तर नाही ना?" त्यांचं हंसळीचं हाड मोडलं होतं. हाताचा तळवा सोलून निघाला होता. आमच्यातल्या एका डॉक्टरीणबाईंनी स्वतःच्या मफलरची झोळी करून हात बांधला. काका फुटपाथवर बसले होते आणि त्यांच्या आडव्या पडलेल्या सायकलीवर दोन्ही लाल दिवे चालूच होते.

घरी आले तेव्हा बाबा फाटकात होते. सगळे आले का, विचारलं. मी नाही म्हटलं आणि मला पुढं बोलता येईना. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. समजूत घातली नाही, रागावलेही नाहीत. आत गेले, स्वेटर घालून आले, म्हणाले, "चल." दवाखान्यात काकांच्या खाटेशेजारी दोघं म्हातारे तासभर बसून होते. बोलत होते पाचपावलीच्या फाटकाबद्दल, तिथून कुठली गाडी किती वाजता जायची याबद्दल. काका तेव्हा नवे नवे लागले होते, त्या वेळच्या गाड्या त्यांना पाठ होत्या. फाटक बंद ठेवणारे आणि फाटकापाशी थांबणारे. मी दाराशी उभी राहून ऐकत होते.

त्यानंतर दोन महिने मी गेले नाही. ग्रुपमधून कुणी मला एक शब्द बोललं नाही, आणि काका तर फोनवर म्हणायचे, "ताई, ओल्या रस्त्यावर होऊनच राहते असं." पण मला स्वतःच्या हाताचा भरवसा वाटत नव्हता. एकटीनं चालवून पाहिलं, वायुसेनानगरच्या चढावर, फुटाळ्याच्या काठानं. एकटीनं चालवणं सोपं आहे. आपला खड्डा आपण चुकवायचा, विषय संपला. आणि ते मला रुचेना.

लोकांना वाटतं की सायकलिंग म्हणजे एकट्या माणसाची जिद्द. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये रेस अॅक्रॉस अमेरिका एकल गटात पूर्ण केली, २०१८ मध्ये मॉस्को ते व्लादिवोस्तोक अशी नऊ हजार किलोमीटरहून लांब शर्यत पूर्ण केली, आणि आमच्यातले निम्मे त्यांच्याबद्दल वाचूनच सायकलवर आले. मीही. त्यांच्या जिद्दीपुढं मी हात जोडते. पण अमेरिकेतल्या त्या शर्यतीबद्दल वाचताना मला सगळ्यांत जास्त धरून ठेवलं ते मागून चालणाऱ्या गाडीनं. एकल म्हणवणाऱ्या शर्यतीतही रात्रभर मागून एक गाडी चालत असते, तिचा उजेड सायकलस्वाराच्या पुढच्या रस्त्यावर पडतो, आत बसलेली माणसं वळणं सांगतात, पाणी देतात, झोप येतेय का ते बोलून बघतात. त्या गाडीतल्या माणसांची झोप किती झाली हे कुणी विचारत नाही. मला ते विचारावंसं वाटतं.

मार्चमध्ये मी परत जायला लागले. शेवटी राहायचे, काकांच्या जागेवर.

या वर्षी जानेवारीत तीन दिवस आभाळ होतं. दुसऱ्या दिवशी नाक्यावर पोचले तर दिव्याखाली काका. सायकल तीच, हँडलची टेप नवी. खांदा थोडा उतरलेला दिसत होता, जाकिटातूनही. सगळ्यांनी त्यांना घेरलं. कुणीतरी म्हणालं, काका, तुमची जागा रिकामी ठेवली आहे. काका माझ्याकडे बघून म्हणाले, "आज नाही. आज मी ताईच्या मागं येऊन राहिलो."

मी काही म्हणू शकले नाही. मान हलवली.

गोरेवाड्यापाशी जंगल सुरू होतं तिथं हवा बदलते. ओला पाचोळा, सागाची पानं, तलावाकडून येणारा गारवा. इथं बिबट्या आहे म्हणून अंधारात कुणी एकटं थांबत नाही. त्या दिवशी फेटरीपर्यंत मी एकही मिनिट पुढून हटले नाही, आणि प्रत्येक गोष्ट सांगितली. रेती. ब्रेकर. डावीकडं चिखल. ट्रॅक्टर. झाडाची फांदी. बैल. माझा घसा बसला. माझ्या प्रत्येक हाकेनंतर लगेच मागून काकांचा आवाज यायचा, गार्डाचा तो खणखणीत आवाज, आणि मग त्याच्या मागं बाकीचे. चष्मा मी घातलाच नव्हता. नंबर कमी आहे, भुवयांवरून ओघळणारं पाणी डोळ्यांत गेलं तरी चालतं.

कळमेश्वरच्या पुढं आम्ही नेहमी एका टपरीवर थांबतो. तर्री-पोहे, वर चणे, आणि चहा. पोहे साधेच, पण पस्तीस किलोमीटर ओल्या हवेत चालवून आल्यावर ती लाल तर्री पोटात उतरताना कळते. टपरीला लागून संत्र्याची बाग आहे. बागवाले दादा कधी कधी फांदीवरून तोडलेली चार-सहा संत्री आणून देतात. त्या दिवशी ते बांधावर उकिडवे बसले होते, आभाळाकडे बघत. मी जाऊन विचारलं, "काय म्हणते बाग?"

"काय म्हणणार बाप्पा. ताण तुटला ना."

आंबिया बहार, म्हणजे हिवाळा सरताना येणारी फुलं, धरायचा असला की हिवाळ्यात झाडाचं पाणी तोडतात. जमीन हलकी असली तर महिनाभर, काळी भारी असली तर त्याहून बरेच जास्त दिवस. झाड सुकतं, पानं मलूल होतात, काही गळतात. बघवत नाही इतकं. त्या ताणातून झाड आपल्या आत साठवण करतं, आणि मग पाणी दिलं की फुलांनी भरून येतं. दादांच्या बागेला अजून दोन आठवडे ताण हवा होता. तीन दिवसांच्या या भुरभुर पावसानं मुळं ओली झाली. आता फुलांऐवजी नुसती पालवी, नवती फुटेल. फूल कमी म्हणजे वर्षाच्या शेवटी फळ कमी. पलीकडच्या पट्ट्यात हरभरा होता, त्याची आंब, पानांवरचा आंबट खार, पावसानं धुऊन निघालेली, आणि अशा ढगाळ हवेत घाटेअळी चढते ती वेगळीच. तुरीचंही तेच.

मी तिथं उभी होते, हवेच्या ओलाव्यानं चेहरा सुखावलेला, आणि मला काही सुचेना. ही हवा मला आवडते हे त्यांना कसं सांगायचं? दादांनीच विचारलं, "तुमाले बरं वाटून राहिलं असंल ना? ऊन नाही, थंडी नाही." मी हो म्हटलं. खोटं बोलता आलं नसतं, त्यांना माझ्या तोंडावर दिसतच होतं. त्यांनी मान डोलावली. "चालवा, चालवा," म्हणाले, आणि उठून आत जाऊन संत्री घेऊन आले. त्या दिवशी ती घेताना माझा हात जड झाला. मी पैसे काढले, त्यांनी घेतले नाहीत.

तिथंच, चहा घेताना, काकांकडे नीट बघितलं. त्यांचा चेहरा चिखलाच्या ठिपक्यांनी भरला होता. गालावर, मिशीवर, हेल्मेटच्या पट्ट्यावर, दातांवरसुद्धा. पस्तीस किलोमीटर माझ्या मागच्या चाकानं उडवलेलं पाणी त्यांनी तोंडावर घेतलं होतं. माझ्या सायकलीला मडगार्ड नाही, सीटखाली प्लॅस्टिकची एक आखूड पट्टी आहे, ती फक्त माझी पाठ वाचवते. काका थोडं अंतर ठेवून, जरा बाजूला सरकून येऊ शकले असते. मी विचारलं, का नाही सरकलात?

"बाजूला सरकलो तर तुमचा हात दिसत नाही ना," काका म्हणाले, आणि रुमालानं मिशी पुसली.

घरी आले. बाबांनी विचारलं, सगळे आले? सगळे आले, म्हटलं, काकाही होते. मग चिखलाचं सांगितलं. बाबांनी माझी सायकल उचलून पाहिली, सीटखालची पट्टी हातानं हलवून पाहिली, आणि काही न बोलता मागच्या पडवीत गेले. तिथं त्यांची जुनी सायकल भिंतीला टेकून आहे. चाकांत हवा नाही, चेन गंजलेली. मागच्या मडगार्डच्या टोकाचं रबर मात्र अजून आहे, ओमचा पांढरा रंग उडून नुसता आकार राहिलेला. बाबांनी पान्यानं त्याचे दोन नट सोडवले. ते सहज सुटत नव्हते, तेल घालून दहा मिनिटं थांबावं लागलं. मी म्हटलं, बाबा, बाजारात मिळतात नवे. त्यांनी ऐकलं नाही.

रबर माझ्या पट्टीला बसेना. पट्टी अरुंद. मग त्यांनी जुन्या ट्यूबचा एक लांब तुकडा कापला, पट्टीच्या टोकाला भोकं पाडली, आणि सुतळीनं ती ट्यूब आणि तिच्या खाली ते ओमवालं रबर असं बांधून घेतलं. गाठ मारताना त्यांची बोटं अजूनही थरथरत नाहीत. अंगठा आणि दोन बोटं, एक पीळ, आणि टोक आत दाबलेलं. दोनदा ओढून बघितलं.

मग नळाखालून बादली भरून आणली. सायकलचं मागचं चाक उचलून फाटकाच्या अडणीवर टेकवलं, टायरवर पाणी ओतलं, आणि गुडघ्यावर हात ठेवत हळूहळू मागं खाली बसले. बरोबर चाकाच्या रेषेत, तोंड टायरपासून हातभर अंतरावर. चष्मा काढून खिशात ठेवला.

"फिरव," म्हणाले.